शैक्षणिक कर्ज फेडताना: हप्ता ठरण्याआधी काय करायचं आणि अडचण आली तर काय

शैक्षणिक कर्जाचा पहिला हप्ता खात्यातून कापला जातो, तोवर परतफेडीचे निम्मे निर्णय होऊन गेलेले असतात. बहुतेक वेळा ते कर्जदाराने घेतलेले नसतात; बँकेच्या सिस्टीममध्ये जे भरलं गेलं तेच लागू झालेलं असतं. मुदत किती, शिक्षणाच्या काळातलं व्याज मुद्दलात मिळवायचं की आधी भरून टाकायचं, जादा भरलेले पैसे कशात वळते करायचे, या प्रत्येक ठिकाणी कर्जदाराला पर्याय असतो. पण तो मागावा लागतो, आणि लेखी मागावा लागतो.

सुरुवात मंजुरीपत्रापासून करा. कर्ज मंजूर झालं तेव्हा सही केलेले कागद फाईलमध्ये असतील. नसतील तर शाखेत अर्ज देऊन प्रत घ्या. त्यात मोरॅटोरियम, म्हणजे हप्ता न भरण्याची सूट असलेला काळ, नेमका कधी संपतो ते पाहा. सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजना इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेवर बेतलेल्या आहेत. २०१५ नंतरच्या नमुन्यात अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष हप्ता नसतो आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. त्याआधीच्या कर्जांमध्ये ‘शिक्षण संपल्यावर एक वर्ष किंवा नोकरी लागल्यावर सहा महिने, यातलं जे आधी घडेल ते’ अशी अट सापडते. खासगी वित्त कंपन्यांची गणितं वेगळी असतात. अनेक ठिकाणी ही सूट सहाच महिन्यांची असते आणि शिकत असतानाही दर महिन्याला थोडंफार व्याज भरावंच लागतं. अभ्यासक्रम लांबला, विषय राहिले, तर मोरॅटोरियम आपोआप पुढे सरकत नाही. कॉलेजचं पत्र जोडून मुदतवाढ मागावी लागते. नमुना योजनेत जास्तीत जास्त दोन वर्षं वाढवण्याची सोय आहे. हे न केल्यामुळे शेवटच्या वर्षाची परीक्षा देत असतानाच हप्ता सुरू झाला आणि खातं थकलं, अशी प्रकरणं होतात.

शिकत असतानाचं व्याज

सगळ्यात जास्त पैसा इथे वाचतो आणि सगळ्यात कमी लक्ष इथे दिलं जातं, म्हणून आकडे मांडून पाहू.

चार वर्षांच्या इंजिनिअरिंगसाठी ८ लाखांचं कर्ज, दरवर्षी सुरुवातीला २ लाख कॉलेजला जातात, व्याज १० टक्के. मोरॅटोरियम एकूण पाच वर्षांचा. या काळात सरळव्याज लागतं. पहिल्या २ लाखांवर पाच वर्षांचं १ लाख, दुसऱ्यावर ८० हजार, तिसऱ्यावर ६० हजार, चौथ्यावर ४० हजार. एकूण २ लाख ८० हजार. काहीच भरलं नाही तर ही रक्कम मुद्दलात मिळते आणि हप्ता ८ लाखांवर नव्हे, १० लाख ८० हजारांवर बसतो. दहा वर्षांसाठी महिन्याला सुमारे १४,२७२ रुपये.

तेच व्याज महिन्याच्या महिन्याला भरत गेलं, तर पहिल्या वर्षी दरमहा १,६६७, दुसऱ्या वर्षी ३,३३३, तिसऱ्या वर्षी ५,००० आणि शेवटची दोन वर्षं ६,६६७ रुपये पडतात. मग हप्ता ८ लाखांवरच बसतो: सुमारे १०,५७२ रुपये. महिन्याचा फरक ३,७००, दहा वर्षांचा ४ लाख ४४ हजार. म्हणजे २ लाख ८० हजार आधी भरून ४ लाख ४४ हजार नंतर भरायचे टळतात. शिवाय या काळात व्याज नियमित भरणाऱ्याला १ टक्का सवलत देण्याची तरतूद नमुना योजनेत आहे. मंजुरीपत्रात ती असेल आणि तरी खात्यात दिसत नसेल, तर शाखेला लिहा. एखाद्या महिन्याचं व्याज चुकलं तर सवलत जाऊ शकते, त्यामुळे तोंडी भरवशावर न राहता बचत खात्यातून स्टँडिंग इन्स्ट्रक्शन (दर महिन्याला रक्कम आपोआप वळती करायची सूचना) लावून ठेवा.

सगळं व्याज भरणं झेपत नसेल तर निम्मं भरा. घरची ओढाताण असेल तर पहिली दोन वर्षं भरा, कारण तेव्हा रक्कम लहान असते. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून शिष्यवृत्तीची किंवा शुल्काच्या परताव्याची रक्कम उशिरा खात्यावर आली, तर ती कर्जखात्यातच टाका. ज्या फीसाठी कर्ज काढलं त्याच फीचा तो पैसा आहे.

एका गटाने मात्र हे व्याज स्वतः भरायची घाई करू नये. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि मान्यताप्राप्त संस्थेत तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रम असेल, तर केंद्राच्या योजनेत मोरॅटोरियमचं व्याज सरकार भरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत, निवडक दर्जेदार संस्थांमधल्या आणि ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियमच्या काळात व्याजात ३ टक्के सूट आहे. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेत असाल तर ती मिळत नाही. दोन्हींसाठी तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला वेळेत जायला हवा. अनेकदा पात्रता असूनही शाखेकडून मागणीच पाठवलेली नसते, आणि व्याज मुद्दलात मिळवून हप्ता लावला जातो. म्हणून मोरॅटोरियम संपायच्या तीन महिने आधी खातेउतारा काढा, अनुदान जमा झालंय का ते तपासा. अभ्यासक्रम मध्येच सोडला तर ही सवलत जाते.

महाराष्ट्रातल्या इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी ओबीसी वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे. नावाप्रमाणे ती परतावा देते: आधी हप्ता वेळेवर भरायचा, मग पुरावे दाखवून व्याज परत घ्यायचं. थकलेल्या खात्याला तिचा उपयोग नाही.

मुदत किती घ्यायची

हप्ता सुरू व्हायच्या महिनाभर आधी शाखेत जाऊन परतफेडीचं वेळापत्रक मागा. सही करण्याआधी मुदत बदलता येते. वरच्याच १० लाख ८० हजारांवर, १० टक्क्यांनी:

सात वर्षं: हप्ता १७,९२९, एकूण व्याज ४ लाख २६ हजार.
दहा वर्षं: हप्ता १४,२७२, एकूण व्याज ६ लाख ३३ हजार.
पंधरा वर्षं: हप्ता ११,६०६, एकूण व्याज १० लाख ९ हजार.

दहावरून पंधरावर गेल्याने महिन्याला २,६६६ रुपयांचा दिलासा मिळतो आणि त्याची किंमत पावणेचार लाख होते. तरीही हातात येणारा पगार २५ हजार असेल आणि त्यातून पुण्या-मुंबईचं भाडं जाणार असेल, तर पंधरा वर्षं घेणंच शहाणपणाचं. लांब मुदतीचं कर्ज लवकर फेडायला कुणी अडवत नाही. मात्र आखूड मुदतीचा हप्ता चुकायला लागला की सिबिल खराब होतं, स्वतःचंही आणि सहकर्जदार म्हणून सही केलेल्या आईवडिलांचंही. मुदत लांब घ्या, पण दरवर्षी पगार वाढला की जादा रक्कम भरा. ही शिस्त जमणार नाही असं वाटत असेल, तरच आखूड मुदत घ्या.

वाढत्या हप्त्यांचा पर्यायही नमुना योजनेत आहे: सुरुवातीला हप्ता लहान, दर काही वर्षांनी मोठा. तो घेताना एक गोष्ट तपासा. आपल्या उदाहरणात पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच ९,००० रुपये होतं. सुरुवातीचा हप्ता त्याहून कमी असेल तर कर्ज कमी व्हायच्या ऐवजी वाढत राहील.

हप्त्याची तारीख पगारानंतर चार-पाच दिवसांची घ्या. महिन्याच्या १ तारखेचा हप्ता आणि ३ तारखेचा पगार, एवढ्यावरून दर महिन्याला मॅन्डेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची दिलेली परवानगी) परत जातं. मग जिथून पैसे जायचे ती बँक दंड लावते आणि कर्ज देणारी बँकही लावते. नोकरी बदलून पगाराचं खातं बदललं की नवं मॅन्डेट सुरू झाल्याची खात्री होईपर्यंत जुन्या खात्यात दोन हप्त्यांची रक्कम राहू द्या.

जादा पैसे आले तर

बोनस, थकीत पगार किंवा घरातून एकरकमी मदत आली, की बदलत्या व्याजदराच्या शैक्षणिक कर्जात ती कधीही भरता येते. वैयक्तिक कर्जदाराच्या अशा कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या कर्जांना नवे, जास्त स्पष्ट निर्देश लागू आहेत. सहकर्जदार असला तरी फरक पडत नाही. दर ठरावीक असेल तर मात्र करार वाचा.

पैसे भरताना होणारी नेहमीची चूक अशी. एक वर्ष हप्ते भरून झाल्यावर आपल्या उदाहरणात साधारण १० लाख १४ हजार बाकी राहते. त्या वेळी १ लाख जादा भरले. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली तर १६ हप्ते वाचतात आणि व्याजात सुमारे १ लाख ३० हजारांची बचत होते. मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला तर हप्ता १२,८६४ वर येतो आणि बचत सुमारे ५२ हजारच होते. पैसे तेवढेच, दिवसही तोच, पण अर्जात काय लिहिलं त्यावरून ७८ हजारांचा फरक. काही ठिकाणी तर ही रक्कम ‘आगाऊ हप्ते’ म्हणून धरली जाते. मग पुढचे काही महिने हप्ता कापलाच जात नाही आणि मुदतही कमी होत नाही. म्हणून रक्कम भरतानाच अर्ज द्या: ‘सदर रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी.’ पोच घ्या आणि आठवड्याने उतारा पाहा.

जादा रक्कम भरण्याआधी मात्र तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती आधी मिटवा. तिचं व्याज शैक्षणिक कर्जाच्या कितीतरी पट असतं.

व्याजदर जास्त पडतोय का?

१ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली बदलत्या दराची किरकोळ कर्जं बाहेरच्या दराशी, बहुतांश रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडलेली असतात आणि किमान तीन महिन्यांनी एकदा दर बदलावा लागतो. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. त्या काळातला तुमचा उतारा काढून दर सव्वा टक्क्याने उतरला का ते बघा. तुमचं कर्ज ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं, एमसीएलआरवरचं (बँकेच्या स्वतःच्या खर्चावरून ठरणाऱ्या दराचं) असेल, तर रेपोवर न्यायला अर्ज करा. त्यासाठी फक्त वाजवी प्रशासकीय खर्च लागतो. वित्त कंपन्यांना हे बंधन नाही. त्या स्वतःच्या दरावर चालतात आणि कपात पोचायला वेळ लागतो, कधी पोचतही नाही.

दर उतरल्यावर हप्ता कमी करायचा की मुदत, आणि चढल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत, हे विचारण्याचा अधिकार कर्जदाराला आहे. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार प्रत्येक तिमाहीला मुद्दल किती फिटलं, व्याज किती गेलं, हप्ते किती उरले हे सांगणारं विवरण बँकेने द्यायला हवं.

खासगी कंपनीचं कर्ज सरकारी बँकेकडे वळवणं, म्हणजे टेकओव्हर, परदेशी शिक्षणाच्या मोठ्या कर्जात खूप उपयोगी ठरतं. दहा वर्षांच्या आपल्या उदाहरणात एक टक्का कमी झाला तरी महिन्याला ५९० रुपये वाचतात. ४० लाखांच्या कर्जात तोच फरक दोन हजारांच्या वर जातो. पण सरकारी बँक साडेसात लाखांच्या वर सहसा तारण मागते. घर गहाण टाकण्याचा खर्च, मुद्रांक शुल्क, वकिलाचा अहवाल आणि मूल्यांकनाची फी धरूनच हिशेब करा. कर्ज फिटायला दोन-तीन वर्षंच उरली असतील तर या भानगडीत पडू नका. तोवर व्याजाचा मोठा भाग भरून झालेला असतो.

आयकरातली सवलत

१९६१ च्या कायद्यात कलम ८०ई म्हणून ओळखली जाणारी ही वजावट फक्त व्याजावर आहे, मुद्दलावर नाही. व्याजाला कमाल मर्यादा नाही. व्याज भरायला सुरुवात केली ते वर्ष आणि पुढची सात, अशी आठ वर्षं ती मिळते. कर्ज बँकेचं, वित्तीय संस्थेचं किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचं हवं. मामाकडून घेतलेल्या पैशांवर ती नाही. ती घेणाऱ्याचं नाव कर्जात कर्जदार म्हणून हवं आणि व्याज त्याच्या उत्पन्नातून गेलेलं हवं. वडील नुसते जामीनदार असतील तर त्यांना मिळत नाही.

नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, आणि आता तीच प्रणाली आपोआप लागू होते. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. त्यामुळे नुकतीच नोकरी लागलेल्या बहुतेकांसाठी ‘कर वाचतो म्हणून कर्ज लवकर फेडू नका’ हा सल्ला आता गैरलागू आहे.

हप्ता झेपत नसेल तर

नोकरी गेली, लागलीच नाही, किंवा पगार फारच कमी मिळाला, तर पहिला हप्ता चुकायच्या आधी शाखेत जा. नंतर गेलात तर दारं एकेक करून बंद होत जातात. ३० दिवसांपर्यंतची थकबाकी एका वर्गात, ६० पर्यंतची दुसऱ्या, ९० पर्यंतची तिसऱ्या वर्गात जाते. ९० दिवस ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. आणि एकदा एनपीए झालं की एक-दोन हप्ते भरून ते नियमित होत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. आता सिबिलसारख्या क्रेडिट कंपन्यांना माहिती किमान पंधरवड्यातून एकदा जाते, म्हणजे चूक लपत नाही.

अर्जात तीन गोष्टी हव्यात: अडचण काय (कंपनीचं पत्र, शेवटची पगारपावती किंवा आजारपणाचे कागद जोडा), सध्या दरमहा किती भरू शकता, आणि काय मागता. मागण्यासारखं बरंच आहे. बेरोजगारीच्या काळात कर्जाच्या एकूण मुदतीत दोन-तीन वेळा हप्त्यांना स्थगिती देण्याची तरतूद नमुना योजनेत आहे. स्वतःचा व्यवसाय उभा करत असाल तर त्या काळासाठीही. त्याशिवाय मुदत वाढवून हप्ता कमी करणं, किंवा काही महिने फक्त व्याज भरणं. स्थगितीतही व्याज चालूच राहतं, त्यामुळे मागायची ती गरजेपुरतीच. शाखाधिकारी तोंडी ‘बघू’ म्हणाले तर अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.

थकलेल्या हप्त्यावर बँक दंड लावू शकते, पण १ एप्रिल २०२४ पासून तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि दंडावर व्याजही लावता येत नाही. उताऱ्यात ‘दंडव्याज’ दिसलं तर हरकत घ्या. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला परवानगी नाही. शेजाऱ्यांना किंवा ऑफिसात सांगून बदनामी करणंही नियमात बसत नाही. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते.

साडेसात लाखांपर्यंतच्या विनातारण कर्जाला सरकारी पतहमी असते, म्हणून ‘बुडालं तर सरकार भरेल’ असा समज गावोगाव आहे. ती हमी बँकेला आहे, विद्यार्थ्याला नाही. कर्जदाराकडून वसुली चालूच राहते. शैक्षणिक कर्ज माफ करून देतो म्हणून फी मागणाऱ्या एजंटांना एक रुपयाही देऊ नका.

तारण दिलेलं असेल आणि खातं एनपीए झालं, तर सरफेसी कायद्याखाली (बँकेला तारण ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस येते. शेतजमीन या कायद्याच्या बाहेर आहे, घर-फ्लॅट आत आहे. नोटिशीला लेखी उत्तर द्याच. गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. २० लाखांपर्यंतची प्रकरणं लोकअदालतीत तडजोडीला येतात आणि तिथे दंड व व्याजात बरीच सूट मिळू शकते. पण तडजोडीने मिटलेलं खातं सिबिलवर ‘सेटल्ड’ असं उमटतं, ‘क्लोज्ड’ असं नाही, आणि पुढे घरकर्जाच्या वेळी ते आडवं येतं. सहा-आठ महिन्यांत पगार सुरू होण्याची शक्यता असेल तर तडजोडीपेक्षा मुदतवाढ घ्या.

शेवटचा हप्ता भरल्यावर

शेवटच्या हप्त्याने खातं बंद होतंच असं नाही. काही रुपयांचं व्याज किंवा जुना शुल्काचा बोजा उरतो आणि वर्षभराने तो थकबाकी म्हणून दिसतो. म्हणून आधी ‘क्लोजर’ची नेमकी रक्कम लेखी घ्या, त्या दिवशी भरा, मॅन्डेट रद्द करा आणि नो-ड्यूज (काही देणं उरलं नाही असं) प्रमाणपत्र घ्या.

तारणाची मूळ कागदपत्रं पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. मुदत ठेव तारण असेल तर तिच्यावरचा लिएन, म्हणजे बँकेचा हक्क, काढून घ्या. विमा पॉलिसी असेल तर ती पुन्हा स्वतःच्या नावे करून घ्या. घर किंवा जमीन असेल तर बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडे जा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा फेरफाराने कमी करून घ्या. शहरात मिळकत पत्रिका, गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना ८. केंद्रीय नोंदणीतला, म्हणजे सरसाईतला बोजा बँकेनेच उतरवायचा असतो, तो उतरल्याची खात्री मागा. यातलं काही राहिलं तर ते दहा वर्षांनी जमीन विकताना किंवा वाटणीच्या वेळी उघडकीस येतं, आणि तोवर ती शाखा दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असू शकते.

महिना-दीड महिन्याने स्वतःचा आणि सहकर्जदाराचा, दोघांचाही क्रेडिट अहवाल काढा. बाकी शून्य आणि खातं बंद दिसत नसेल तर नो-ड्यूज जोडून आधी बँकेकडे आणि त्याच दिवशी क्रेडिट कंपनीकडे दुरुस्तीची मागणी नोंदवा.